ऐकणाऱ्याचे बंड
(सराफा बाजार, लष्कर, ग्वाल्हेर येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



एका इंग्रजी विनोदी चित्रपटावर व्याख्यान ठेवायचे म्हटल्यावर संयोजकांपैकी एका ज्येष्ठांनी मला विचारले, "त्या बोटीचा आणि आपल्या सराफ्याचा संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे. आज मी तो उलगडून सांगणार आहे. त्याच्या वाटेत मुंबईची एक बावीस वर्षांची मुलगी आहे, आंबोलीच्या जंगलातला एक ट्रक आहे, आपल्या किल्ल्यावरच्या शाळेत शिकलेला एक मुलगा आहे आणि पुण्यात जन्मलेले, संगीतावर जिवापाड प्रेम करणारे दिल्लीतले एक मंत्री आहेत. त्या मंत्र्यांपाशी आपल्याला जास्त वेळ थांबायचे आहे.

आधी चित्रपट. नाव 'द बोट दॅट रॉक्ड', साल २००९, दिग्दर्शक रिचर्ड कर्टिस. अमेरिकेत तो 'पायरेट रेडिओ' या नावाने, बराच कापून दाखवला गेला. काळ १९६६ चा. उत्तर समुद्रात एक गंजकी बोट नांगर टाकून उभी आहे. तिच्यावर प्रक्षेपक बसवलेला आहे आणि सात-आठ वेडे निवेदक दिवसरात्र रॉक संगीत वाजवत आहेत. किनाऱ्यावर अख्खा इंग्लंड कान लावून बसला आहे. उशीखाली ट्रान्झिस्टर दडवलेली पोरे आहेत, रात्रपाळीच्या परिचारिका आहेत, दुकानातल्या मुली आहेत. आणि लंडनमध्ये एक मंत्री आहे. केनेथ ब्रॅना या थोर नटाने तो केला आहे. या मंत्र्याला हे सगळे बंद करायचे आहे, आणि त्यासाठी कायदा सापडत नसेल तर नवा करायचा आहे.

कथेचा पाया खरा आहे. रोनन ओ'राहिली या आयरिश तरुणाने २८ मार्च १९६४ रोजी 'रेडिओ कॅरोलाइन' सुरू केले. बोट किनाऱ्यापासून तीन मैलांच्या हद्दीबाहेर उभी होती, म्हणून ब्रिटिश कायदा तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता. तरुणांना हवी ती गाणी बीबीसीवर जेमतेम लागत. त्याचे कारण चित्रपट सांगत नाही, पण ते समजून घेण्यासारखे आहे. वादकांच्या संघटनेशी आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांशी झालेल्या करारांमुळे बीबीसीला तबकड्या मोजकेच तास वाजवता येत. तबकडीच वाजत राहिली तर जिवंत वादकाच्या पोटाचे काय, ही चिंता त्यामागे होती. म्हणजे पलीकडच्या बाजूलाही संगीताचेच माणूस उभे होते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे आपल्याकडच्या कथेत ती पुन्हा लागणार आहे.

ब्रिटिश संसदेने कायदा केला. १४ ऑगस्ट १९६७ च्या मध्यरात्री तो लागू झाला आणि बहुतेक बोटी गप्प झाल्या. दीड महिन्यातच, ३० सप्टेंबरला, बीबीसीने तरुणांसाठी 'रेडिओ वन' सुरू केले. तिथे पहिल्या सकाळी माइकसमोर बसलेला टोनी ब्लॅकबर्न बोटीवरूनच आलेला होता. सरकारने बोटी बुडवल्या आणि बोटीवरची माणसे घरात आणून बसवली.

चित्रपट मला आवडतो. तो हसवतो, त्यातले संगीत अंगावर शहारा आणते. पण त्यात दोन उणिवा आहेत, आणि त्या आपल्या देशाच्या इतिहासासमोर धरल्या की उठून दिसतात. पहिली उणीव अशी की बोटीवर स्वयंपाक करणारी एक बाई सोडली तर स्त्रीला जागा नाही. बायका ठरलेल्या दिवशी होडीतून पाहुण्या म्हणून येतात आणि परत जातात. माइक पुरुषांच्या हातात. दुसरी उणीव मंत्र्याची. त्याला संगीत कळत नाही, हसणे कळत नाही, तो नुसता द्वेष करतो. असा मंत्री हरला की टाळ्या वाजवणे सोपे जाते.

आता मुंबईत येऊ. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री गोवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. पहाटेपर्यंत गांधीजींसह सगळे पुढारी तुरुंगात होते. वर्तमानपत्रांवर बंधने, आकाशवाणी सरकारच्या हातात. अशा वेळी उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी गुप्त केंद्र काढले. तिच्यासोबत विठ्ठलदास खाकर होते, चंद्रकांत झवेरी होते. 'शिकागो रेडिओ'चे नानक मोटवानी यांची उपकरणांची मदत होती. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत समाजवादी नेते पाठीशी होते, आणि लोहिया स्वतः भाषणेही देत. ४२.३४ मीटरवर, भारतातल्या कुठल्याशा ठिकाणाहून, काँग्रेस रेडिओ बोलू लागला.

ठिकाण कुठले, हे पोलिसांना कळू नये म्हणून बिऱ्हाड सतत हलवावे लागे. चौपाटीजवळची इमारत, लॅबर्नम रोडवरचे घर, महालक्ष्मीजवळचा बंगला, शेवटी गिरगावातली पारेखवाडी. या केंद्रावरून विदर्भातल्या चिमूरची बातमी बाहेर पडली. १६ ऑगस्टच्या उठावानंतर तिथे लष्कराने आणि पोलिसांनी जे अत्याचार केले, त्यांच्याविषयी छापायला मनाई होती. जमशेदपूरच्या संपाची बातमीही तिथूनच गेली. १२ नोव्हेंबरला पोलीस दार फोडून आत आले तेव्हा 'वंदे मातरम्' लागलेले होते. आतला तंत्रज्ञ फुटल्यामुळे ठिकाण कळले होते. उषाताईंची महिनोन्‌महिने चौकशी झाली. त्या बोलल्या नाहीत. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात गेल्या, १९४६ साली सुटल्या. पुढे राज्यशास्त्र शिकवले, जन्मभर खादी नेसल्या, १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले.

सगळे मिळून तीन महिनेही नाहीत. प्रक्षेपकाची ताकद बेताची. तरी सरकारने शोधगाड्या फिरवल्या, कारण ऐकणारे होते. खिडक्या लावून, आवाज हळू करून, शेजाऱ्याला कळू न देता ऐकणारे. त्यांची नावे कुठल्याही खटल्याच्या कागदात नाहीत.

दुसरी हकिगत गोव्याची, आणि ती आपल्याला अजून पुरेशी माहीत नाही याचे मला वाईट वाटते. १९५५ च्या ऑगस्टमध्ये सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. सीमा बंद झाल्या. गोव्यातली वृत्तपत्रे सालाझारच्या तपासनिसांच्या हाताखाली होती. नोव्हेंबरमध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी आंबोलीच्या जंगलात, एका ट्रकमध्ये बसवलेल्या प्रक्षेपकावरून, गोव्याच्या मुक्तीचा आवाज सुरू केला. नंतर ते कॅसल रॉकला हलले. कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये, रोज, सहा वर्षे. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांनी कल्पना करावी. चार महिने धुके, जळवा, ओलाव्याने गंजणारी यंत्रे, आणि त्यात न चुकता दररोजचा कार्यक्रम. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा लिबिया लोबो विमानात बसल्या आणि ध्वनिक्षेपकावरून पणजीच्या आकाशातून ती बातमी खाली सांगितली. ज्या आवाजाला सहा वर्षे चेहरा नव्हता, तो असा उजेडात आला. पुढे दोघांनी लग्न केले. २०२५ मध्ये लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी पार केली होती.

कर्टिसच्या बोटीवर माइकसमोर एकही बाई नाही. आपल्या या दोन्ही केंद्रांच्या आवाजात बाईचा आवाज मध्यवर्ती आहे. कोणी निर्माता यावर चित्रपट काढू पाहील तर त्याने आधी आंबोलीत एक पावसाळा काढावा.

पण चित्रपटाच्या खऱ्या विषयाकडे, म्हणजे संगीताकडे, आपण अजून आलोच नाही. लोकांना आवडणारे गाणे सरकारला नको होते आणि ते परक्या हद्दीतून येत होते, असे भारतात घडले का? घडले. इंग्लंडच्या आधी बारा वर्षे घडले, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडले. आपली बोट म्हणजे रेडिओ सिलोन.

डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. दहा वर्षे त्यांनी ते खाते सांभाळले. माणूस साधासुधा नव्हता. काशी विद्यापीठात शिकलेला, पॅरिसहून डॉक्टरेट घेऊन आलेला, शास्त्रीय संगीताचा अभ्यास केलेला. हिंदी चित्रपटातले गाणे त्यांना उथळ वाटे, पाश्चात्त्य चालींची उसनवारी वाटे. त्यांनी आकाशवाणीवरचे चित्रपटसंगीताचे प्रमाण दहा टक्क्यांवर आणले. गाणे लागले तरी चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, कारण ती जाहिरात होते, असाही दंडक घातला. निर्मात्यांच्या संघटनेने गाण्यांचे परवाने काढून घेतले. काही महिन्यांत हिंदी चित्रपटाचे गाणे आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले.

इथे टाळ्या किंवा निषेध करण्याआधी थोडे थांबू या. केसकरांनी आणखी काय केले? १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. आकाशवाणीचा वाद्यवृंद पंडित रविशंकरांच्या हाती दिला गेला. १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलन भरू लागले. हे ज्या सुमारास घडत होते त्याचा विचार ग्वाल्हेरकरांनी तरी करावा. संस्थाने विलीन झाली होती. ज्या दरबारांनी गवयांना पोसले ते दरबार उरले नव्हते. बुवा आणि खाँसाहेब यांना महिन्याचे पैसे कोण देणार, हा रोकडा प्रश्न होता. त्याला आकाशवाणीने उत्तर दिले, आणि त्या उत्तरामागे केसकरांचा हट्ट होता. मला त्या हट्टाबद्दल आदर आहे.

मग चूक कुठे झाली? ती सांगायला ग्वाल्हेरइतकी योग्य जागा दुसरी नाही.

केसकरांची एक समजूत होती, आणि ती त्यांनी उघड मांडली होती. उत्तर हिंदुस्थानी संगीताचा ऱ्हास मुसलमान गवय्यांच्या हाती झाला, त्यांनी विद्या घराण्यात कोंडून ठेवली, असे त्यांना वाटे. आता आपल्या गावाचा इतिहास काय सांगतो? नत्थन पीरबक्ष, आणि त्यांचे नातू हद्दू खाँ आणि हस्सू खाँ. ग्वाल्हेरचा ख्याल त्यांच्या गळ्यातून घडला. तो शिकले कोण? वासुदेवबुवा जोशी, देवजीबुवा, शंकरराव पंडित. निसार हुसेन खाँ तर शंकरराव पंडितांच्या घरातच राहिले, कुटुंबातले झाले. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा वासुदेवबुवांकडे शिकले आणि ती गायकी त्यांनी महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ मध्ये वडिलांच्या नावाने याच गावात विद्यालय काढले. भातखंड्यांच्या प्रेरणेने माधव संगीत महाविद्यालय निघाले ते १९१८ साली. आज महाराष्ट्रात जो ख्याल गायला जातो त्यातला मोठा भाग या लष्करातल्या मुसलमान गुरूंनी मराठी शिष्यांना हातचे न राखता दिलेला आहे. पुण्यात जन्मलेल्या, संगीत जाणणाऱ्या माणसाला हे दिसू नये, याचे मला खरोखर दुःख होते. एका बाजूला काहीतरी शुद्ध आहे आणि दुसऱ्या बाजूने ते बिघडवले जाते, अशी मांडणी एकदा मनात बसली की चित्रपटसंगीतही त्याच दुसऱ्या बाजूला जाऊन पडते. दोन्ही चुका एकाच मुळाच्या आहेत.

आणि चित्रपटाचे गाणे तरी ग्वाल्हेरला परके होते का? जाँ निसार अख्तर इथल्या व्हिक्टोरिया कॉलेजात उर्दू शिकवत. त्यांचे चिरंजीव जावेद १९४५ मध्ये याच गावात जन्मले. फाळणीच्या दंगलींनंतर जाँ निसार इथून गेले, पुढे मुंबईला पोहोचले आणि 'सी.आय.डी.'सारख्या चित्रपटांची गाणी लिहू लागले. 'सी.आय.डी.' आला १९५६ साली. म्हणजे ग्वाल्हेरच्या एका प्राध्यापकाची कविता ग्वाल्हेरच्या घरात ऐकायची तर रेडिओची सुई कोलंबोवर न्यावी लागत होती.

कोलंबोच का, त्याचे कारण युद्धात आहे. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटन यांचे आग्नेय आशियाचे मुख्यालय सिलोनमध्ये होते. सैनिकांना बातम्या आणि गाणी ऐकवण्यासाठी तिथे लघुलहरींचा १०० किलोवॉटचा प्रक्षेपक बसवला गेला. युद्ध संपले, १९४९ मध्ये तो सिलोन सरकारकडे आला. एवढ्या मोठ्या यंत्राचे त्या छोट्या देशाने काय करावे? क्लिफर्ड डॉड नावाचे ऑस्ट्रेलियन अधिकारी कोलंबो योजनेतून आले आणि त्यांनी जाहिरातींवर चालणारी व्यापारी सेवा उभी केली. तिचा आवाज हिंदुस्थानभर स्वच्छ येत होता. त्याच सुमारास केसकरांनी इकडे गाणे बंद केले. भारतातल्या कंपन्यांना जाहिरातीला जागा मिळाली, मुंबईत कार्यक्रम ध्वनिमुद्रित होऊ लागले आणि त्यांची रिळे विमानाने कोलंबोला जाऊ लागली. मुंबईत बोलायचे, कोलंबोहून वाजवायचे, लष्करात ऐकायचे.

३ डिसेंबर १९५२ रोजी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी, वय वीस पूर्ण व्हायला थोडे दिवस बाकी. त्यांच्या शालेय आयुष्यातली काही वर्षे आपल्या किल्ल्यावरच्या सिंधिया स्कूलमध्ये गेली होती, हे इथल्या पुष्कळांना माहीत असेल, पण त्याचा अर्थ आपण नीट लावलेला नाही. किल्ल्यावर हा मुलगा शिकत होता आणि खाली लष्करात कृष्णराव पंडितांसारखे गवई गात होते. केसकरांच्या नकाशात हे दोघे शत्रू ठरतात. प्रत्यक्षात ते एकाच गावाच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर होते.

सयानींना आठवड्याला पंचवीस रुपये मिळत. सुरुवातीला कार्यक्रमात सात गाणी लावत, आणि ती कोणत्या क्रमाने निघाली हे श्रोत्यांनी पत्राने कळवायचे, शंभर रुपये बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९,००० पत्रे आली असे ते पुढे अनेक मुलाखतींत सांगत. ती निवडून चाळायला माणसे मिळेनात म्हणून स्पर्धा सोडून गाण्यांची क्रमवारी सुरू केली. बुधवारी रात्री आठ. तुमच्यापैकी सत्तरी ओलांडलेल्यांना सांगायला नकोच. मधेच आवाज दूर जाई, खरखर वाढे, कोणी रेडिओवर हात ठेवी, कोणी एरिअलची तार हलवी, आणि वरच्या पायरीवर कोणते गाणे आहे ते नेमके त्याच वेळी सांगितले जाई. पोस्टातून परवान्याचे पुस्तक घेतलेला, दरसाल सरकारला पैसे भरणारा श्रोता त्या परवान्यावर दुसऱ्या देशाचे केंद्र ऐकत होता. झुमरीतलैयासारख्या गावांची नावे त्या पत्रांमुळे घरोघरी पोहोचली.

याला मी बंड म्हणतो. कुणी घोषणा दिली नाही, मोर्चा काढला नाही. कोट्यवधी लोकांनी बटण फिरवले. उषा मेहतांच्या श्रोत्याला तुरुंगाची भीती होती, सिलोनच्या श्रोत्याला नव्हती, हा फरक मी कमी लेखत नाही. पण दोघांनी एकच गोष्ट ठरवली होती: मी काय ऐकावे हे मी ठरवणार.

आपल्या या बाजाराचा दाखला देतो. सराफ आपले सोने खरे आहे हे पटवण्यासाठी शेजारचे दुकान बंद करा म्हणत नाही. तो कसोटीचा दगड पुढे करतो. केसकरांच्या हातात बावनकशी माल होता, कृष्णराव पंडित होते, अख्खे ग्वाल्हेर होते. दुकान बंद करायची गरज नव्हती.

आणि त्यांच्याच खात्याने हे सिद्धही केले. १ एप्रिल १९५५, रामनवमी. आकाशवाणीच्या पुणे केंद्राने 'गीतरामायण' सुरू केले. केंद्र निघून दीड वर्ष झाले होते. सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांकडे मागणी केली, सुधीर फडके चाली लावू लागले. दर आठवड्याला एक नवे गीत, वर्षभरात छपन्न. गाणे प्रसारित होईपर्यंत पुढच्या आठवड्याचे अनेकदा कागदावरही उतरलेले नसे. गदिमा आणि फडके दोघेही चित्रपटातले, केसकरांच्या व्याख्येत बसणारे नव्हेत. वसंतराव देशपांडे, माणिक वर्मा यांच्यासारखे रागदारीचे गळेही त्यात होते. या गाण्यांनी मराठी घरे भरून टाकली, ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, नागपूर सगळीकडची. ज्या घरात बुधवारी बिनाका लागे त्याच घरात गीतरामायणही लागे, आणि त्या घरातल्या कुणालाही यात विसंगती वाटली नाही.

केसकरांच्या धोरणातून सुगम संगीताचे विभाग निघाले, त्यांतूनच हे बळ आले, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. बंदीने त्यांना काही मिळवून दिले नाही. निर्मितीने दिले. माझ्या सगळ्या व्याख्यानाचा मुद्दा इथे आहे, आणि तो मला केसकरांवर प्रेम ठेवूनच मांडायचा आहे. लोकांची आवड उंच न्यावी अशी इच्छा असणे हा गुन्हा नाही. आपल्यापैकी प्रत्येक संगीतशिक्षकाची ती इच्छा असते. पण त्यासाठी छपन्न गाणी लिहावी लागतात, त्यांना चाली लावाव्या लागतात, दर आठवड्याला नव्याने धडपडावे लागते. बंदीचा हुकूम एका सहीत होतो, म्हणून तो मोहात पाडतो.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. पंडित नरेंद्र शर्मा तिच्या मुळाशी होते. चित्रपटाचे गाणे केसकर मंत्री असतानाच आकाशवाणीवर परतले. त्यांनी ते होऊ दिले याचेही श्रेय त्यांना द्यावे. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे, नागपूर इथल्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. लंडनमध्ये 'रेडिओ वन' सुरू होऊन एक महिनाच झाला होता. सिलोनची व्यापारी युक्तीही अशी घरात आली. त्याच १९६७ मध्ये केसकरांचे भारतीय संगीताच्या समस्यांवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. तोवर ते मंत्री राहिले नव्हते, नॅशनल बुक ट्रस्टचे काम पाहत होते. गीतमाला १९८९ मध्ये खुद्द विविध भारतीवर आली. बोटीवरचा माणूस किनाऱ्यावर यायला इंग्लंडमध्ये दीड महिना लागला, आपल्याकडे छत्तीस वर्षे.

एक योगायोग सांगतो. काँग्रेस रेडिओवरून बोलणारे लोहिया १९६२ च्या निवडणुकीत ग्वाल्हेरच्या वाटेला आले. महाराणी विजयाराजे शिंदे यांच्याविरुद्ध त्यांच्या पक्षाने सुक्खोराणी या सफाईचे काम करणाऱ्या बाईंना उभे केले. लोहियांच्या मते ज्याचा आवाज कधी ऐकला जात नाही त्याला माइकसमोर आणणे हेच राजकारण होते. इथे त्यांचा उमेदवार हरला. पुढच्याच वर्षी ते स्वतः फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत जिंकून लोकसभेत गेले. त्यांनी हरवलेले काँग्रेसचे उमेदवार होते डॉ. बा. वि. केसकर. १९४२ च्या गुप्त रेडिओचा वक्ता आणि १९५२ चा रेडिओमंत्री असे समोरासमोर आले. पटकथाकाराने असे लिहिले असते तर आपण त्याला ओढूनताणून केले म्हटले असते.

कर्टिसच्या चित्रपटाचा शेवट मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. बोट बुडू लागते. मदतीची हाक जाते, सरकार कान बंद करते. आणि मग लहान लहान होड्यांतून सामान्य श्रोते येतात आणि एकेका निवेदकाला पाण्यातून उचलतात. प्रत्यक्षात असे झाले नाही. कॅरोलाइनची 'मी अमिगो' बोट मार्च १९८० मध्ये वादळात बुडाली, तेव्हा जीवरक्षक नौकेने माणसे वाचवली. पण दिग्दर्शकाला या एका ठिकाणी बरोबर कळले होते की नायक कोण आहे. तोवर पाहुणा असलेला ऐकणारा तिथे कथेत येतो.

आता आजचे बोलू, कारण स्मृतिव्याख्यानाने जुन्या गोष्टींतच रमून जाऊ नये. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निघालेला खटला होता. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे. केसकरांनंतर तेहतीस वर्षांनी दुसऱ्या एका मराठी माणसाने या प्रश्नाला दिलेले हे उत्तर आहे, आणि माझ्या मते ते स्वतंत्र भारतातले या विषयावरचे सर्वांत मोलाचे लिखाण आहे. तरीही आजसुद्धा खासगी एफएम केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्यापुरती मुभा आहे. टीव्हीवर रात्रंदिवस ओरडायला परवानगी, वर्तमानपत्राला परवानगी, मोबाइलवर कुणीही काहीही सांगावे, आणि रेडिओवर मात्र लष्करात पाणी का आले नाही याची बातमी गावातल्या पत्रकाराने द्यायची नाही. याचे समर्थन मला कुठेही सापडलेले नाही.

सामुदायिक रेडिओचे धोरण २००६ मध्ये खुले झाले. ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या, काही वर्षे काम केलेल्या संस्थेला अर्ज करता येतो. प्रक्षेपक १०० वॉटचा, पल्ला साधारण दहा-बारा किलोमीटरचा. साताऱ्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' हे केंद्र अशाच परवान्यावर चालते. त्यावर माणदेशातल्या बायका स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या व्यवहाराविषयी बोलतात. आता सराफ्यात उभे राहून दहा किलोमीटरचे वर्तुळ मनात काढा. लष्कर त्यात येते, मुरार येते, हजिरा येते, किल्ला येतो, किल्ल्याच्या पायथ्याची मोहम्मद गौस आणि तानसेन यांची समाधीस्थळे येतात. शिंद्यांबरोबर आलेल्या आणि दोनशे वर्षे इथे राहिलेल्या मराठी घरांची भाषा त्यात येते. ती आता घरातल्या आजी-आजोबांपुरती उरत चालली आहे, हे तुम्ही मला सांगायला नको.

म्हणून या व्याख्यानमालेच्या संयोजकांपुढे आणि इथल्या मराठी संस्थांपुढे माझी विनंती आहे. असा अर्ज करा. गावातल्या हिंदी आणि उर्दू बोलणाऱ्या मित्रांना बरोबर घ्या, कारण निसार हुसेन खाँ पंडितांच्या घरी राहिले त्या गावाचे केंद्र एका समाजाचे असू नये. पहिल्या वर्षी ज्यांनी बुधवारी आठ वाजता सिलोन ऐकले, त्यांचे आवाज टिपून ठेवा. ही माणसे आता थोडी उरली आहेत. संगीत विद्यालयांतल्या मुलांना आठवड्याला एक नवे गाणे करायला सांगा, ख्याल गाणाऱ्यांना आणि गिटार वाजवणाऱ्यांनाही. आणि बातम्या देण्याची परवानगी मागणारा अर्ज परवान्याच्या अर्जासोबतच जोडा. तो फेटाळला जाईल याची मला कल्पना आहे. न्यायमूर्ती सावंतांच्या निकालाची प्रत मी सोबत आणली आहे. ती व्यासपीठावर ठेवून जातो, अर्ज लिहिताना उपयोगी पडेल.